मुलाखतीला काय घालू, सर?

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी सकाळीच घरी आली. दहावीनंतर तिने पशुसंवर्धनाचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण केला होता. जवळच्या शहरात प्राण्यांचा एक दवाखाना आहे. पुढच्या बाजूला कुत्र्या-मांजरांचे पिंजरे आणि मागे गाई-बैलांचा गोठा, अशी तिथली व्यवस्था. तिथे मदतनिसाची जागा निघाली होती आणि हिला मुलाखतीचे पत्र आले होते. मला वाटले, लसीकरणाचे वेळापत्रक किंवा रोगांची लक्षणे असे काही विचारायला आली असेल. तिचा प्रश्न वेगळाच होता. "सर, मुलाखतीला काय घालून जाऊ?"

घरात तीन मते पडली होती. आईचे म्हणणे, मामेबहिणीच्या लग्नातला टिकल्यांचा ड्रेस घालावा, कारण तोच सगळ्यांत चांगला. काकांच्या मते ऑफिसात जातात तसे नवे शर्ट-पँट आणि टाचांचे काळे बूट घ्यावेत. त्याला दोन-अडीच हजार रुपये लागणार होते आणि ते घरात नव्हते. मैत्रीण म्हणत होती, "गुरांचंच तर काम आहे, जुनी जीन्स चालेल की!" मुलीला तिन्हींतले काहीच पटत नव्हते. इतकी वर्षे विज्ञान शिकवूनही मला उत्तर देता येईना. शेवटी आम्ही दोघे माझ्या परिचयाच्या एका पशुवैद्यांकडे गेलो.

डॉक्टर हसले आणि म्हणाले, "हे बघ, तुझी मुलाखत दोघं घेणार. एक टेबलापलीकडचा आणि एक पिंजऱ्यापलीकडचा. टेबलापलीकडचा नुसता बघेल. पिंजऱ्यापलीकडचा बघेल, हुंगेल, ओढेल, वेळ आली तर चावेलसुद्धा. तू दुसऱ्याचा विचार करून कपडे निवड. पहिल्याला ते बरोबर कळतं."

अशा नोकऱ्यांच्या मुलाखतीत बोलणे झाल्यावर उमेदवाराला बहुधा आत नेऊन आणतात. 'चला, जरा गोठा पाहू' असे सहज म्हटल्यासारखे म्हणतात आणि खरी परीक्षा तिथेच होते. त्या दिवशी डॉक्टरांनी कपड्यांबद्दल जे सांगितले आणि नंतर मी जे वाचले, ते शिक्षकांना वर्गात उपयोगी पडेल असे वाटल्याने इथे मांडतो आहे.

डोळ्यांना काय दिसते?

पहिला प्रश्न रंगाचा. लाल रंग पाहून बैल उधळतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १९२३ मध्ये निरनिराळ्या रंगांची कापडे गुरांपुढे धरून ही समजूत तपासली. लाल रंगामुळे गुरे विशेष चिडतात, असे त्यांना आढळले नाही. यामागचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे. माणसाच्या दृष्टिपटलात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. गाई-बैल आणि कुत्री यांच्याकडे त्या दोनच प्रकारच्या असतात. कुत्र्यांबाबत हे १९८९ मध्ये अमेरिकेतील प्रयोगांनी दाखवून दिले. त्यामुळे लाल आणि हिरवा यांतला जो फरक आपल्याला ठळक दिसतो, तो कुत्र्याला जवळजवळ दिसत नाही. निळा आणि पिवळा मात्र तो सहज वेगळे ओळखतो.

मग रंगाला काहीच महत्त्व नाही का? तसेही नाही. १९९० च्या दशकात डेन्मार्क आणि कॅनडा येथील संशोधकांनी दुभत्या गाईंवर काही प्रयोग केले. एक माणूस गाईंशी मायेने वागे आणि दुसरा धसमुसळेपणाने. दोघांच्या अंगावर वेगवेगळ्या रंगांचे कपडे असत. थोड्याच दिवसांत गाई दुसऱ्या माणसापासून जास्त अंतर राखू लागल्या. माणसे ओळखताना कपड्यांचा रंग ही त्यांची एक महत्त्वाची खूण असते, हे या प्रयोगांतून दिसले. पांढरा कोट पाहताच टेबलाखाली दडणारा कुत्रा पुष्कळांनी पाहिला असेल. त्याने पांढरा कोट आणि सुई यांची सांगड घातलेली असते. घंटा आणि अन्न यांची सांगड घालणाऱ्या पावलॉव्हच्या कुत्र्यासारखेच हे. म्हणून मुलाखतीला पांढऱ्या ॲप्रनसारखा दिसणारा पोशाख टाळलेला बरा.

रंगापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे हालचाल. गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे तिला मान न वळवता भोवतालचा सुमारे ३३० अंशांचा टापू दिसतो. फक्त अगदी मागचा एक चिंचोळा भाग सुटतो. शिकाऱ्यापासून जपून राहणाऱ्या प्राण्याला अशी दृष्टी सोयीची असते. पण दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी दिसणारा समोरचा भाग लहान असल्याने वस्तू नेमकी किती दूर आहे, याचा अंदाज तिला तितकासा येत नाही. वाऱ्यावर फडफडणारे टोक डोळ्याच्या कडेला दिसले की ती आधी दचकते आणि मग मान वळवून पाहते. कुंपणावर वाळत घातलेल्या शर्टापाशी गुरे अडून बसतात, ती याच कारणाने. चमकणाऱ्या टिकल्यांचेही तेच. माणूस हलला की त्या लखलखतात. म्हणजे लग्नातला ड्रेस इथेच बाद झाला.

नाकाला काय कळते?

चांगले कपडे आपल्याकडे ट्रंकेत असतात आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतात. या गोळ्या पुष्कळदा नॅफ्थॅलिनच्या असतात. हा पदार्थ साध्या तापमानालाही द्रव न होता सरळ वायुरूप होतो. यालाच आपण संप्लवन म्हणतो. हा वायू कापडाच्या धाग्याधाग्यांत शिरून बसतो. आपल्याला तो वास ठेवणीतल्या कपड्यांचा म्हणून ओळखीचा वाटतो. कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख मानल्या जातात, तर कुत्र्याच्या नाकात २० कोटींहून अधिक. आजारी आणि अनोळखी जागी आणलेल्या कुत्र्याला डांबरगोळी, अत्तर, पावडर, केसांतला मोगरा असे सगळे एकदम हुंगायला मिळाले, तर तो गोंधळतो.

वासाचा परिणाम किती खोल असतो, हे २०१४ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात झालेल्या एका संशोधनातून दिसले. पुरुष संशोधक जवळ असले की प्रयोगशाळेतल्या उंदरांवर ताण येई आणि त्यामुळे त्यांच्या वेदनेच्या खुणा कमी दिसत. माणूस जवळ नसताना, पुरुषांनी रात्रभर घातलेले टी-शर्ट नुसते जवळ ठेवले, तरी तेच झाले. स्त्रियांच्या टी-शर्टने तसे झाले नाही. काही वेळाने उंदीर सरावत आणि परिणाम ओसरत असे. पण कापडाला चिकटलेला वास प्राण्याच्या शरीरात बदल घडवू शकतो, एवढे यातून स्पष्ट झाले.

यातून दोन साध्या सूचना निघतात. ट्रंकेतले कपडे घालायचे असतील, तर आधी धुवावेत आणि दोन दिवस वाऱ्यावर टाकावेत. घरी कुत्रा, मांजर किंवा गुरे असतील, तर त्यांच्याशी खेळलेल्या कपड्यांत मुलाखतीला जाऊ नये. त्या कपड्यांवर एका प्राण्याची ओळख लिहिलेली असते आणि पिंजऱ्यातला प्राणी ती लगेच वाचतो.

लोंबते ते ओढले जाते

ओढणी, लोंबती कानातली, बांगड्या, गळ्यातली साखळी, सैल बाह्या, शर्टाच्या खिशातले पेन. माणसांच्या जगात ही सजावट किंवा सोय आहे. माकडाला आणि पोपटाला मात्र ही पकडण्याची वस्तू वाटते. वासराची चोखण्याची ओढ जन्मजात असते, त्यामुळे ते ओढणीचे टोक सहज तोंडात घेते. कुत्र्याची नखे सैल विणीच्या कापडात अडकतात. तो पाय सोडवण्यासाठी झटका देतो आणि कापडाबरोबर आपणही खेचले जातो. अंगठीचा धोका पुष्कळांना ठाऊक नसतो. बैलाने हिसका दिला आणि हातातला कासरा अंगठीत अडकला, तर बोटाची कातडी सोलून निघते. म्हणून गोठ्यात काम करणारी अनुभवी माणसे अंगठी काढून खिशात ठेवतात.

बाह्यांबद्दल डॉक्टरांचे मत विचार करण्यासारखे होते. पूर्ण बाहीमुळे ओरखड्यांपासून बचाव होतो, पण हात कोपरापर्यंत धुता येत नाहीत. म्हणून अंगाबरोबर बसणारी आणि कोपराच्या वर दुमडून घट्ट राहणारी बाही चांगली.

आता सेफ्टी पिनेविषयी. ओढणी घसरू नये म्हणून खांद्यावर पिन लावण्याची आपली सवय आहे. ती पिन गव्हाणीत पडली तर काय होते? गाय चारा निवडून, चावून खात नाही. ती जिभेने कवळा ओढून घेते, जेमतेम चावून गिळते आणि सावकाश रवंथ करते. त्यामुळे चाऱ्याबरोबर पिन, खिळा किंवा तारेचा तुकडा सहज आत जातो. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतल्या मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असलेल्या कप्प्यात अशा जड वस्तू जाऊन बसतात. हा कप्पा सारखा आकुंचन पावत असतो. त्याच्या पुढे श्वासपटल आहे आणि श्वासपटलाच्या पलीकडे काही सेंटिमीटरवर हृदय. टोकदार वस्तू आकुंचनाबरोबर पुढे ढकलली जाते, कप्प्याची भिंत आणि श्वासपटल भेदते आणि कधी कधी हृदयाभोवतालच्या आवरणापर्यंत पोहोचते. तिथे पू होतो. मग गाय खाणे सोडते, पाठ वाकवून उभी राहते, उतारावर जायला नकार देते आणि पुष्कळदा दगावते. काही देशांत यावर उपाय म्हणून गाईला एक गुळगुळीत लोहचुंबक गिळायला देतात. तो त्याच कप्प्यात राहून लोखंडी वस्तू धरून ठेवतो.

हे ऐकून मुलीने आपल्या खांद्यावरच्या पिनेकडे पाहिले आणि ती तिथेच काढून पर्समध्ये ठेवली.

सुती की टेरिकॉट?

टेरिकॉटला इस्त्री टिकते, म्हणून मुलाखतीसाठी ते चांगले, असे आपल्याला वाटते. प्राण्यांच्या दवाखान्यात मात्र दहा मिनिटांत त्यावर केस चिकटतात. याला स्थिर विद्युत कारणीभूत आहे. दोन भिन्न पदार्थ एकमेकांवर घासले की एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण विद्युतभार येतो. कापडात ओलावा असेल, तर हा भार निघून जातो. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस सुमारे ७ ते ८ ग्रॅम पाणी धरतो, तर पॉलिएस्टर अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. म्हणून पॉलिएस्टरवर भार साठून राहतो आणि केस, धूळ, पिसे खेचली जातात. कोकणातल्या पावसाळ्यात हा त्रास फारसा जाणवत नाही. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात तो चांगलाच जाणवतो. टेरिकॉटमध्ये पॉलिएस्टर आणि कापूस मिसळलेले असतात, त्यामुळे ते दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते.

कपड्यावरचे केस वाईट दिसतात, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट आहे ती आरोग्याची. मांजराला किंवा कुत्र्याला गजकर्ण झाले असेल, तर त्याच्या केसांवर बुरशीचे बीजाणू असतात आणि ते महिनोन्महिने टिकतात. असा केस घेऊन आपण घरी गेलो, तर तो भावंडांच्या अंथरुणापर्यंत पोहोचतो. म्हणून या कामाचे कपडे गरम पाण्यात उकळून धुता येतील असे असावेत. सुती कापड हे सहन करते.

पायात काय?

डॉक्टरांनी सर्वांत जास्त वेळ पायांवर घालवला. गोठ्याची फरशी शेण, मूत्र आणि पाणी यांनी कायम ओली असते. सपाट तळ आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो, घर्षण कमी होते आणि पाय सरकतो. रबरी तळावरच्या खाचा या पाण्याला वाट देतात आणि रबर फरशीला टेकते. मोटारीच्या टायरवरच्या नक्षीचेही काम तेच. टाचेचा बूट जमिनीला फार थोड्या जागी टेकतो आणि तोल लवकर जातो.

उघड्या चपलेचा धोका वेगळा. ४०० किलो वजनाच्या गाईचे अर्ध्याहून थोडे अधिक वजन पुढच्या दोन पायांवर असते. म्हणजे एका खुराखाली आपली बोटे सापडली, तर त्यांवर १०० किलोंहून अधिक भार येतो. गाय वाईट हेतूने पाय देत नाही. तिला आपली बोटे दिसतही नाहीत.

तिसरी गोष्ट, बुटांबरोबर रोग प्रवास करतात. लाळ्या-खुरकुताचे विषाणू चिखल, शेण आणि कपडे यांबरोबर एका गोठ्यातून दुसऱ्यात जातात. हे विषाणू तीव्र आम्लात किंवा अल्कलीत टिकत नाहीत, म्हणून धुण्याच्या सोड्याचे ४ टक्के द्रावणही त्यांवर उपयोगी पडते. कुत्र्यांच्या पार्व्हो रोगाचा विषाणू त्याहून चिवट आहे. हा रोग जगाला १९७८ मध्ये माहीत झाला. त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि साबणाला दाद देत नाही. त्यावर क्लोरीनयुक्त ब्लीच उपयोगी पडते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची पहिली साथ आढळली, तेव्हा कोंबड्या नष्ट करणाऱ्या कर्मचाऱ्यांना डोक्यापासून पायापर्यंत झाकणारे पोशाख घालावे लागले. तिथे कपडे हा उपचाराइतकाच महत्त्वाचा विषय होता.

म्हणूनच चांगल्या गोठ्याच्या आणि दवाखान्याच्या दाराशी जंतुनाशकाचा उथळ हौद किंवा भिजवलेली गोणपाटे ठेवलेली असतात. मुलाखतीला येणारा उमेदवार घरच्या गोठ्यातले शेण लागलेले बूट घालून आला, तर तो कामसू आहे असे कोणी समजत नाही. त्याने एका गोठ्यातला रोग दुसऱ्यात आणला असेल, अशी शंका येते. मैत्रिणीची 'जुनी जीन्स' या ठिकाणी अडते. ती धुतलेली असली तर हरकत नाही. थेट कामावरून आलेली नको.

मग तिने काय घातले?

सगळे घरातलेच. फिक्या रंगाचा, बिनटिकल्यांचा सुती कुर्ता, धुऊन इस्त्री केलेला. अंगाबरोबर बसणारी सलवार. घट्ट वेणी, वर पिनांऐवजी दोरा. हातात फक्त घड्याळ. पायात शाळेतल्या कवायतीचे रबरी तळाचे कापडी बूट, ब्रशने घासून उन्हात वाळवलेले. कामाला लागल्यावर गमबूट लागतील, पण एका दिवसाच्या फेरीला हे पुरेसे आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले होते. खर्च झाला तो साबणाच्या वडीचा.

एक अडचण उरली होती. ओढणीशिवाय मुलाखतीला जाणे आईला मान्य नव्हते. डॉक्टर म्हणाले, "टेबलापाशी ओढणी असू दे. आत जायची वेळ आली की घडी करून पिशवीत ठेव. फक्त पिन लावू नकोस."

मुलाखतीत तसेच झाले. बोलणे संपल्यावर तिथल्या मॅडम उठल्या आणि "चला, गोठा बघू" म्हणाल्या. हिने ओढणीची घडी केली, घड्याळ काढले, दोन्ही पिशवीत ठेवले आणि दाराशी थांबून विचारले, "मॅडम, पाय कुठे बुडवायचे?" परत आल्यावर तिने मला हे सांगितले, तेव्हा तिच्या बोलण्यात मुलाखतीची भीती उरली नव्हती.

ती जागा तिला मिळाली नाही. दोन वर्षे अनुभव असलेल्या दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली. तीन महिन्यांनी एका दुग्धव्यवसायाच्या गोठ्यावर तिला काम मिळाले. त्या मुलाखतीलाही हेच कपडे आणि हेच बूट होते.

आपण शिक्षक मुलांना 'मुलाखतीला नीटनेटके जा' एवढे सांगून थांबतो. नीटनेटके म्हणजे काय, हे कामागणिक बदलते आणि त्यामागे कारणे असतात. ती कारणे मुलांना शोधता आली, तर उसने कपडे आणि उसने पैसे यांची गरज पुष्कळ कमी होईल.

वर्गात करून पाहा

१. कुत्र्याचे किंवा मांजराचे काही केस (ते न मिळाल्यास केशकर्तनालयातले बारीक केस) कागदावर पसरा. सुती, टेरिकॉट आणि पॉलिएस्टर कापडाचे सारख्या मापाचे तुकडे लोकरीवर प्रत्येकी २० वेळा घासून केसांवर धरा. कोणत्या तुकड्याला किती केस चिकटतात ते मोजा. मग तुकड्यांवर पाण्याचा हलका फवारा मारून प्रयोग पुन्हा करा. हाच प्रयोग जानेवारीत आणि जुलैमध्ये करून फरक पाहा.

२. घरातली निरनिराळी पादत्राणे ओल्या फरशीवर ठेवून प्रत्येकात सारखेच वजन ठेवा आणि ताणकाट्याने ओढा. कोणते पादत्राण सरकवायला सर्वांत जास्त बल लागते? फरशीवर थोडे साबणाचे पाणी टाकून पुन्हा पाहा.

३. नॅफ्थॅलिनच्या एका गोळीचे दर आठवड्याला तराजूवर वजन करा आणि आलेख काढा. गोळी कुठे जाते, यावर वर्गात चर्चा करा. गोळी हाताळल्यावर हात धुवायला लावा.

४. विद्यार्थ्यांना आपल्या अंगावरच्या आणि खिशातल्या वस्तूंची यादी करायला सांगा. प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने आखा: गाईला ही कशी वाटेल? कुत्र्याला कशी वाटेल? यादीत सेफ्टी पिन कितीजणांकडे निघते, ते जरूर मोजा.